पुतणीचे दत्तकपत्र आणि कलम ११

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आणि अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या एका दांपत्याने कळवले आहे की, वहिनींच्या निधनानंतर सांगलीतील धाकट्या भावाची साडेतेरा वर्षांची मुलगी त्यांनी दत्तक घेतली, विधी झाला, दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवले आणि मुलीच्या आधार कार्डावरचे नावही बदलून घेतले. आता मुलीला परदेशी नेण्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजे ‘कारा’चे, ना हरकत प्रमाणपत्र लवकरात लवकर कसे मिळेल, असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रमाणपत्राबद्दल विचारणारी पत्रे मला वारंवार येतात. आपल्या पत्रात मात्र त्याहून महत्त्वाचे एक वाक्य आपण ओघात लिहून गेला आहात : ‘आमची थोरली मुलगी कॉलेजात आहे, तिलाही बहीण हवी होती.’

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम ११ नुसार मुलगी दत्तक घेताना दत्तक घेणाऱ्याला हयात हिंदू मुलगी किंवा मुलाची मुलगी असता कामा नये. दत्तक जाणाऱ्या मुलाच्या वयाच्या अटीला कलम १० मध्ये रूढीचा अपवाद आहे. या अटीला तसा अपवाद नाही. अट मोडून घेतलेले दत्तक कलम ५ प्रमाणे मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने झालेच नाही असे, ठरते. नोंदणी झाली म्हणून ते वैध होत नाही, कारण कलम १६ नोंदलेल्या दत्तकपत्राला ते कायद्यानुसार झाल्याचे केवळ एक गृहीतक बहाल करते आणि ते पुराव्याने खोडून काढता येते. आपली मुलगी हयात आहे, हाच तो पुरावा. दत्तकपत्र लिहून देणाऱ्याने ‘तुम्हाला अपत्ये किती आणि कोणती’ हा पहिला प्रश्न विचारायला हवा होता, आणि त्याने तो विचारला नाही तर एका लहान मुलीचे आयुष्य ज्या कागदावर उभे करायचे, तो सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवण्याची काळजी आपण घ्यायला हवी होती. ही हयगय मला अक्षम्य वाटते, कारण तिची किंमत आपल्याला नव्हे, त्या मुलीला मोजावी लागते आहे.

याचा अर्थ असा की, १९५६ च्या कायद्याखालील दत्तकांना ना हरकत प्रमाणपत्र देण्याची जी सोय सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांत झाली, तिचा आपल्याला उपयोग नाही; तिला आधी वैध दत्तक लागते. कोणा सल्लागाराने सुचवलेला, दोन वर्षे मुलीसोबत राहून व्हिसा मागण्याचा मार्गही याच कारणाने टिकणार नाही.

तरीही हे दत्तक शून्य असणे आपल्या पथ्यावर पडू शकते. भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग दत्तक कराराचे सदस्य आहेत, आणि अमेरिकी नियमांप्रमाणे आय-८०० अर्जाला (विशिष्ट मुलाला दत्तक म्हणून तिकडे नेण्यासाठी अमेरिकी इमिग्रेशन विभागाकडे करायच्या अर्जाला) तात्पुरती मंजुरी मिळण्यापूर्वीच दत्तक पूर्ण केले असेल, तर सक्षम प्राधिकरणाने ते आधी रद्द किंवा शून्य ठरवावे लागते. वैध दत्तक घेणाऱ्यांची इथेच कोंडी होते, कारण १९५६ च्या कायद्याचे कलम १५ वैध दत्तक रद्द करू देत नाही. ही कोंडी आपल्या वाट्याला आलेली नाही. परंतु दुय्यम निबंधकांकडे जाऊन ‘रद्दपत्र’ नोंदवू नका. तो कागद निरुपयोगी आहे. दिवाणी न्यायालयात दत्तक शून्य असल्याच्या घोषणेचा दावा दाखल करून हुकूमनामा मिळवा. आपल्या बंधूंनी सर्व मान्य केले तरी मुलगी अल्पवयीन असल्याने तिच्यासाठी पालक नेमला जाईल, आणि केवळ कबुलीवर न्यायालय निकाल देईलच असे नाही.

आय-८०० अर्ज मुलगी सोळा वर्षांची होण्यापूर्वी दाखल व्हावा लागतो, म्हणजे आपल्या हाती जेमतेम अडीच वर्षे आहेत. कोणाचाही विरोध नसलेले दावे आपल्याकडे तारखांवर तारखा घेत वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि मुलांच्या वयाशी बांधलेल्या प्रकरणांतही ही दिरंगाई चालू राहावी, हे मला संतापजनक वाटते. त्यामुळे दाव्यासोबतच लवकर सुनावणीचा अर्ज द्या, त्यात मुलीची जन्मतारीख ठळकपणे नमूद करा, आणि आपल्या बाजूने एकही तारीख मागू नका.

नवे दत्तक बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ६० खाली घ्यावे लागेल. आपण सख्खे काका असल्याने त्या कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसता, आणि आधीची मुलगी असणे तिथे आड येत नाही. अमेरिकेतील अधिकृत संस्थेकडून आपला गृह अध्ययन अहवाल (आपले घर आणि कुटुंब मूल दत्तक घेण्यास योग्य आहे का, याचा अहवाल), इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मुलीच्या कुटुंबाचा अहवाल, बंधूंची आणि स्वतः मुलीची संमती, अमेरिकेची मंजुरी, मग दत्तक आदेश आणि शेवटी ‘कारा’चे प्रमाणपत्र, असा साधारण क्रम आहे. आदेशाचा अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला आहे; त्या बदलावर मुंबई उच्च न्यायालयात वाद झाल्याने सांगलीत अर्ज नेमका कुठे स्वीकारतात, याची खात्री त्या वेळी करून घ्या. अमेरिकी नियमांतील अपवादांविषयी तिथल्या इमिग्रेशन वकिलाचे मत लेखी घ्या.

तोपर्यंत मुलीला पर्यटक व्हिसावर नेऊन तिथेच ठेवण्याचा विचारही करू नका. वैध आदेशाशिवाय मुलाला परदेशी नेण्याबाबत बाल न्याय अधिनियमाच्या कलम ५६ आणि ८० मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि त्यात आपले बंधूही सापडतील. पासपोर्टचा अर्ज आपल्या नावाने करू नका, आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव आहे तसेच राहू द्या.

गृह अध्ययन आणि आय-८००-ए अर्ज यांसाठी मात्र हुकूमनाम्याची वाट पाहू नका. तो अर्ज पालक म्हणून आपली पात्रता तपासतो, विशिष्ट मुलाविषयी नसतो, म्हणून तो आजच सुरू करता येतो. त्यात आधीच्या दत्तकपत्राची आणि दाखल केलेल्या दाव्याची माहिती पूर्ण द्या.