बेळगावात राहून कॉमिक कॉनमध्ये (चित्रकथा आणि त्यांतील पात्रांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात) स्टॉल लावत स्वतंत्र चित्रकार म्हणून पोट भरता येईल का?

केवळ त्यावर पोट भरणे अवघड आहे. पुस्तकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका वा जाहिरातींची कामे चालू ठेवून वर्षातून मोजक्या कॉनना जाणे मात्र शक्य आहे. बेंगळुरू सुमारे 500 किलोमीटरवर आहे आणि रात्रीच्या रेल्वेने सामानासह जाता येते, त्यामुळे पहिला स्टॉल तेथेच घ्यावा. पुणे त्याहून बरेच जवळ आहे, पण आपल्या सीमाभागाची खरी गोम येथेच आहे: नकाशावर जवळ असलेले पुणे करकायद्याच्या दृष्टीने परराज्य ठरते. जेथे आपले कायम व्यवसायस्थान नाही अशा राज्यात तात्पुरती विक्री करणाऱ्याला, उलाढाल कितीही लहान असली तरी, जीएसटी कायद्याच्या कलम 24 नुसार सामान्यतः नोंदणी घ्यावी लागते. तिचा अर्ज विक्रीच्या किमान पाच दिवस आधी करावा लागतो आणि अंदाजित कर आगाऊ भरावा लागतो. ठरावीक हस्तकला वस्तूंना या नोंदणीतून सूट आहे, परंतु छापील चित्रे तीत बसतात असे स्वतःच ठरवू नका, सनदी लेखापालाला विचारा.

खपाचे म्हणाल, तर स्टिकर आणि छोटे प्रिंट मूळ चित्रांपेक्षा सहज विकले जातात. प्रसिद्ध परदेशी पात्रांची चित्रे गर्दी खेचतात खरी, पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यांच्या प्रतींचा हक्क मूळ मालकाकडे असतो. त्यापेक्षा ब्रिटिशांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा किंवा त्यांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांच्यावर स्वतःची चित्रकथा काढावी, आणि बेंगळुरूसाठी तिची कन्नड आवृत्तीही छापावी.