ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना लोक कमी का लेखतात?

तुम्ही विचारलंय की रात्रभर क्रिकेट बघणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, मग असले गेम खेळणाऱ्यालाच लोक रिकामटेकडा का समजतात. मी अमळनेरचा. दिवसा जिनिंगमध्ये वजनकाटा आणि बिलं बघतो आणि गेली नऊ वर्षं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळतोय. हा असाच एक गेम, त्यात एखादं पात्र होऊन इंटरनेटवर बाकीच्यांसोबत खेळायचं असतं. त्यामुळे ऐकीव नाही, स्वतः सोसलेलं सांगतो.

सगळ्यात मोठं कारण मला हे वाटतं की बघणाऱ्याला आपली नुसती पाठ दिसते. क्रिकेट दहा जण एका टीव्हीपुढे बसून बघतात, षटकार गेला की शेजारच्या गल्लीलाही कळतं. माझं काय चाललंय ते आप्पांना कळणार कसं? रात्रीचा एक वाजलाय, पोरगा कानाला हेडफोन लावून अंधारात इंग्रजीत कुणाला तरी हाका मारतोय आणि सकाळी साडेसातला काट्यावर कापसाच्या गाड्या लागायच्या आहेत. त्यांच्या वाट्याला एवढंच येतं. राग येणारच.

आतून तीच रात्र वेगळी असते. आमचा गिल्ड आहे, म्हणजे भजनी मंडळासारखी ठरलेली माणसं, ठरलेले वार. अवघड रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या राक्षसांवर केलेल्या चढाईला, वीस जण लागतात. दोघं टँक, ते राक्षसाचा मार अंगावर घेतात. चार हीलर, ते जखमी साथीदारांना बरं करतात. बाकीचे मारणारे. मी हीलर. वीस जणांच्या जिवाच्या वीस पट्ट्या माझ्यासमोर असतात. कुणाची झरझर उतरायला लागली की याला आधी की त्याला, हे सेकंदाच्या आत ठरवायचं. एक चुकला की बहुतेक वेळा सगळे मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून. एक राक्षस पाडायला आम्ही दोनशेच्या वर वेळा मेलोय, दोन महिने. आमचा सर्व्हर युरोपातला. थंडीत तिकडे जर्मनीत रात्रीचे आठ वाजले की आपल्याकडे साडेबारा होतात. जागरण त्यामुळे. नेमका तोच जिनिंगचा हंगाम.

दुसरं कारण आपल्या भाषेतच बसलंय. नाटकात भूमिका केली तर हार-तुरे, पण ‘सोंग घेतलं’ म्हटलं की खोटेपणा आला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं ऐकतच आपण मोठे झालो. मग मिसरूड फुटलेला माणूस जादूगार किंवा वैद्य होऊन बसतो, हे लोकांना पोरखेळ वाटतं. बाहेरही हे चुकलं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असंच पात्र होऊन खेळायचा कागद-फाशांचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला आणि १९८० च्या दशकात तिथल्या काही धार्मिक मंडळींनी त्याला थेट सैतानाची पूजा ठरवलं. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा खेळ केला. त्यात चित्र नाही, नुसता मजकूर. आमच्यासारख्या खेळांचं मूळ तिथलं. ‘एकलकोंडी, बिनकामाची पोरं’ हा शिक्का कॉम्प्युटरवाल्यांवर आधीच होता, तो या खेळालाही लागला.

आपल्याकडे मात्र आणखी एक घोळ आहे आणि मला तो सगळ्यात जास्त लागतो. ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की इथे रमी आठवते. दोन वर्षांपूर्वी धुळ्याकडचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं. मध्यस्थाने सहज सांगितलं, मुलगा रात्री ऑनलाइन गेम खेळतो. बैठक तिथेच मोडली. पोरगा पैसे लावतो, असं त्यांना वाटलं. मी महिन्याची वर्गणी भरतो, एक रुपया डावावर लावत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यात असे खेळ येत नाहीत. पण कायदा वाचून कुणी सोयरीक जुळवत नाही. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गल्लोगल्ली पैसे लावून पत्ते बसतात, त्या डावावरून उठलेल्याला कुणी बिघडलेला म्हणत नाही.

थोडा दोष खेळाचाही आहे, तो लपवू नका. हे खेळ संपत नाहीत, मुद्दाम तसेच बांधलेले असतात. रोजची कामं, आठवड्याची बक्षिसं, एक दिवस चुकला तर मागे पडल्यासारखं वाटतं. १९९९ च्या एव्हरक्वेस्ट या अशाच ऑनलाइन खेळाला त्याचेच खेळाडू ‘एव्हरक्रॅक’ म्हणायचे, क्रॅक म्हणजे कोकेनचा एक प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंग डिसऑर्डर आहे. त्यात तास मोजत नाहीत. खेळावर ताबा राहत नाही, बाकीचं सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही माणूस थांबत नाही आणि साधारण वर्षभर हे चालतं, असं त्यात बघतात. माझ्या गिल्डमधल्या एकाचं असं झालं होतं. त्याच्या घरच्यांचा राग मला चूक वाटत नाही.

पण ज्याचं काम नीट चाललंय त्यालाही तेच ऐकावं लागतं, तेव्हा वाद घालू नका. शेजारी बसवा. गेल्या थंडीत आजीला झोप येईना म्हणून ती माझ्यामागे खाटेवर येऊन बसली. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाली, “तू त्यामा कोन शे?” मी म्हटलं, वैद्य. हे लढणारे पडतात, मी त्यांना उभं करतो. दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने विचारलं, “राते कितला जन वाचनात?” म्हणजे रात्री किती जण वाचले. मी म्हटलं, अठरा. मग ते दोघं कशाने गेले, हे तिला पूर्ण सांगावं लागलं.