सुपरनोव्हा झाल्यावर तारा शिल्लक राहू शकतो का?

हो, क्वचित राहतो. नेहमीच्या Ia प्रकारच्या सुपरनोव्हात श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) चंद्रशेखर मर्यादेजवळ (सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमान) पोहोचला की त्यातला कार्बन भडकतो आणि ताऱ्याच्या पार चिंधड्या उडतात. 'आयएएक्स' (Iax) नावाच्या उपप्रकारात मात्र हे ज्वलन अर्धवटच होतं, त्यामुळे स्फोट मंद दिसतो आणि गाभ्याचा काही भाग मागे उरतो.

सर्वात चांगलं उदाहरण एनजीसी 1309 या दीर्घिकेतला एसएन 2012झेड हा सुपरनोव्हा. हबल दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत त्या जागी आधीपासून एक निळा स्रोत होता, आणि स्फोटानंतर काही वर्षांनी पाहिलं तर तो गायब तर नव्हताच, उलट पूर्वीपेक्षा प्रखर होता! अर्थात, हा जादा प्रकाश उरलेल्या श्वेतबटूचाच की त्यात जोडीदार ताऱ्याचाही वाटा आहे, हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

1840च्या दशकातला ईटा कॅरिना या महाकाय ताऱ्याचा उद्रेक यात धरू नका. त्यानेही सूर्याच्या किमान दहापट वस्तुमान बाहेर फेकलं आणि तारा टिकला, पण तो खरा सुपरनोव्हा नव्हताच. अशांना तोतया सुपरनोव्हा म्हणतात.