वाचक विचारतात : कृपा आणि हिशेब

प्रश्न : उपासनेत ‘दया’ आणि ‘कृपा’ हे शब्द जोडीने येतात. दोन्हींचा अर्थ एकच का?

उत्तर : जवळचे आहेत, पण एक नाहीत. शिक्षा व्हायची होती ती टळली, ही दया. जे कधी आपले येणेच नव्हते ते हातात ठेवले गेले, ही कृपा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक 15) सगळे उधळून परतलेल्या मुलाला बापाने दारातून हाकलले नाही, ही दया झाली. उत्तम झगा, बोटात अंगठी, पायांत जोडा आणि पुष्ट वासरू ही कृपा. मुलगा तर मजुराची जागा मागायला आला होता. ते वाक्य त्याने आधीच मनाशी जुळवून ठेवले होते, पण बापापुढे उभा राहिल्यावर ते त्याच्या तोंडून निघालेच नाही. त्याआधीच बाप चाकरांना झगा आणायला सांगू लागला.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत कृपेला ‘खारिस’ म्हणतात. आनंदाचा ‘खारा’ हा शब्द त्याच मुळाचा, आणि कृपादानाचा ‘खारिस्मा’, उपकारस्तुतीचा ‘युखारिस्त’ हेही त्याच कुळातले. रोमकरांस लिहिताना (4:4) प्रेषित पौल अगदी व्यवहारातली गोष्ट सांगतो : काम करणाऱ्याला मिळते ते वेतन, ते त्याचे येणे असते, त्याला कोणी कृपा म्हणत नाही. कृपेविषयीचे बहुतेक गोंधळ हा फरक निसटल्याने होतात.

प्रश्न : पौल म्हणतो, कर्मांनी तारण (म्हणजे पापातून सुटका) नाही. याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव. कोणाचे खरे मानायचे?

उत्तर : दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात, पण बोट ठेवतात ते त्याच्या आयुष्यातल्या वेगळ्या दिवसांवर. पौल (रोमकरांस 4) उत्पत्ती 15 उघडतो. तिथे अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. तेव्हा त्याची सुंताही झाली नव्हती. ती पुढे वयाच्या 99व्या वर्षी झाली. याकोब (2:21) सांगतो तो उत्पत्ती 22 मधला, इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा प्रसंग. इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम 100 वर्षांचा होता, आणि त्या वेदीच्या जागेकडे, मोरियाकडे, जाताना तो मुलगा होमाची लाकडे स्वतः वाहून नेण्याइतका मोठा झाला होता. दोन प्रसंगांत पंधरा वर्षांहून बरेच अधिक अंतर आहे. देवाशी नाते जुळते कशाने, हा पौलाचा प्रश्न. जुळलेले नाते जिवंत आहे हे दिसते कशावरून, हा याकोबाचा.

याकोबाचा रोख नुसत्या मान्यतेवर आहे. देव एक आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हे त्याचेच वाक्य. पौलही तेवढ्याला विश्वास म्हणत नाही. म्हणून आमचा आग्रह असा की इफिसकरांस 2:8-9 पाठ करणाऱ्याने 10वे वचन सोडू नये. 9व्या वचनात तारण ‘कर्मांनी नव्हे’ असे आहे आणि लगेच पुढे आपण ‘सत्कर्मांसाठी’ निर्माण झालो असे आहे. कर्मे तिथे आहेतच, फक्त त्यांची जागा तारणाच्या मागून आहे. तो क्रम उलटला की पाप नसले तरी धास्ती उरते, कारण किती कर्मे पुरेशी हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : कॅथलिक कर्मांनी आणि प्रोटेस्टंट कृपेने तारण मानतात, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो, हे मत कॅथलिक मंडळीच्याच ट्रेंट येथील धर्मसभेने 1547 मध्ये स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. मतभेद आहे तो पुढचा : कृपा माणसात काय करते, माणूस तिला कसा साथ देतो, ती कोणत्या संस्कारांतून पोहोचते. कॅथलिक मंडळी सात संस्कार मानते, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक मंडळी आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्टांनी आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांनी तिला साथ दिली. सगळे वाद मिटलेले नाहीत, पण जुना आरोप आता तरी थांबायला हवा.

प्रश्न : क्षमा अशी मोफत मिळू लागली तर माणूस निर्ढावणार नाही का?

उत्तर : हा आक्षेप पौलालाही ठाऊक होता (रोमकरांस 6:1). पण जकातदार जक्कयाकडे पाहा (लूक 19). येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तेव्हा जक्कयाने कशाचीही कबुली दिलेली नव्हती. कबुली मागून आली, आणि आकड्यांसह आली : अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला नाडले त्याला चौपट परत. स्वतःहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच मोशेचे नियमशास्त्र (लेवीय 6) सांगते. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. ज्याला असे काही परत करायचे आहे त्याने रक्कम आणि माणूस दोन्ही नेमके ठरवावे. माणूस हयात नसेल तर वारसांना द्यावी, वारसही सापडत नसतील तर गरजूंना. मंडळीच्या दानपेटीत टाकून मोकळे होऊ नये. ती पेटी त्या पैशाची मालक नव्हे.

प्रश्न : प्रार्थना चुकली किंवा रागाने बोलले गेले की देव दूर गेला असे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी मी दुप्पट प्रार्थना करते. हे योग्य आहे का?

उत्तर : दुप्पट करू नका. चुकलेली प्रार्थना हा थकलेला हप्ता नाही. आज आजचीच करा. रात्री दहा-पंधरा मिनिटे आत्मपरीक्षणाला द्या. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी त्याचे पाच टप्पे सांगितले आहेत : देवाचे उपकार मानणे, स्वतःची पापे ओळखण्यासाठी कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना, आणि कृपेच्या आधाराने सुधारण्याचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना. लोक घसरतात ते बहुधा एकाच ठिकाणी, सुरुवातच तिसऱ्या टप्प्यापासून करतात. मग परीक्षणाची झडती होते. आभार पहिले आहेत ते उगीच नव्हे. ज्याने आधीच दिले आहे त्याच्यासमोर बसून आढावा घ्यायचा आहे.

क्षमा मागताना ‘मी फार वाईट आहे’ असे मोघम म्हणू नका. कोणाला काय बोललात ते सांगा, आणि शक्य असेल तर सकाळी त्या माणसाशी बोला. क्षमा मिळालेले तेच पाप पुन्हापुन्हा उकरावेसे वाटत असेल, तर एकाच अनुभवी पाळकाचा किंवा धर्मगुरूचा सल्ला धरा. भीती आवरेनाशी झाली, झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. त्यात विश्वासाची कमतरता मुळीच नाही.

प्रश्न : मला फसवणाऱ्याला क्षमा केली, तर पैसे सोडून पुन्हा त्याच्यावर भरवसा ठेवायचा का?

उत्तर : मत्तय 18 मधला निर्दय चाकर 10,000 तालांत देणे लागत होता. एक तालांत सुमारे 6,000 दिनारांचा आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी; म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, वर्षाला 300 दिवस राबले तरी 2 लाख वर्षे. तरीही तो राजाला म्हणतो, वेळ द्या, सगळे फेडतो. राजाने वेळ दिला नाही, कर्जच सोडले. आम्हाला वाटते, ते त्याच्या कानांपर्यंत पोहोचलेच नाही. तो अजून फेडायच्याच तयारीत होता, म्हणून 100 दिनारांसाठी, चारेक महिन्यांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरायला गेला.

तेव्हा सोडायचा तो गळा, म्हणजे सूड. पैसे मागणे, करार लिहून घेणे, गरज पडल्यास कायद्याची मदत घेणे हे क्षमेच्या आड येत नाही. रक्कम सोडायची की नाही हे तुमची ऐपत आणि त्याची स्थिती पाहून ठरवा. भरवसा ही त्याहून निराळी गोष्ट. ज्या भावांनी त्याला विकले होते त्यांच्या पोत्यांत योसेफाने त्यांचे पैसे गुपचूप परत ठेवले, आडोशाला जाऊन तो रडला, तरी त्यांच्यातला यहूदा धाकट्या बन्यामिनाच्या जागी गुलाम व्हायला पुढे येईपर्यंत त्याने आपली ओळख दिली नाही. आणि प्रश्न फसवणुकीचा नसून मारहाणीचा असेल, तर आधी सुरक्षित जागी जावे. क्षमेचा विचार तिथे पोहोचल्यावरही करता येतो.