मान्यता दिली, मग राजदूत कुठे?

प्रश्न : नव्या देशाला मान्यता दिली की तिथे दूतावास उघडावाच लागतो का?

उत्तर : मुळीच नाही. मान्यता एकतर्फी देता येते. राजदूतांची देवाणघेवाण मात्र दोघांच्या संमतीनेच होते. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं दुसरं कलमच तसं सांगतं.

आपलंच बघा ना. इस्रायलला भारताने सप्टेंबर १९५० मध्ये मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला जानेवारी १९९२ उजाडला! तोवर इस्रायलचा होता तो मुंबईत नुसता वाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट), दिल्लीत राजदूताचा दूतावास नाही. अरब देशांना दुखवायचं नव्हतं हे समजतं, तरी चाळीस वर्षं म्हणजे जरा अतीच झालं, असं माझं मत.

बांगलादेशाच्या वेळी आपण अजिबात थांबलो नाही. ६ डिसेंबर १९७१ रोजी इंदिरा गांधींनी संसदेत मान्यता जाहीर केली तेव्हा युद्ध ऐन भरात होतं आणि ढाका अजून पाकिस्तानी फौजेच्या ताब्यात होतं. पाकिस्तानने मान्यता दिली ती फेब्रुवारी १९७४ मध्ये, लाहोरला इस्लामी देशांची परिषद भरली तेव्हा. चीन तर त्याहून हट्टी. १९७२ मध्ये बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश त्याने नकाराधिकार वापरून अडवला, आणि मान्यतेसाठी ऑगस्ट १९७५ पर्यंत ताटकळत ठेवलं.