कॅनडाच्या स्टडी परमिट सुधारणांचं ऑडिट करताना नेमकं काय तपासतात?

कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षण-परवान्याचे (स्टडी परमिट) नियम कडक केले, पण ते खरंच लागू झाले का हे कसं कळणार, असा प्रश्न आहे. हे हिशेबाचं नव्हे, कामगिरीचं लेखापरीक्षण. परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घालणं बरोबर की चूक यावर कॅनडाचे महालेखापरीक्षक बोलत नाहीत; ठरवलेलं झालं का, एवढंच पाहतात.

सगळ्यात बोलकी जागा म्हणजे प्रवेशपत्राची पडताळणी. डिसेंबर २०२३ पासून अर्जासोबतचं प्रवेशपत्र खरं आहे का, हे कॉलेजने १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं. इथे ‘पडताळणी झाली’ हा शेरा पुरत नाही. नमुन्यातली प्रत्येक फाइल शेवटपर्यंत न्यावी लागते: उत्तर कधी आलं, पत्र खोटं निघाल्यावर अर्जाचं काय झालं, तो अर्ज भरून देणाऱ्या एजंटची आधी मंजूर झालेली प्रकरणं कुणी पुन्हा उघडली का? हा शेवटचा प्रश्न हमखास निसटतो, कारण सुधारणा पुढच्या अर्जांसाठी असते आणि जुन्या फायली कुणाच्याच टेबलावर नसतात.

दुसरा घोळ आकड्यांचा. २०२४चं लक्ष्य सुमारे ३,६०,००० मंजूर परवान्यांचं होतं, पण मर्यादा लावली तपासायला घ्यायच्या अर्जांवर. मंजुरीचं प्रमाण घसरलं की परवाने आपोआप लक्ष्याखाली जातात. शिवाय त्या वर्षी मास्टर्स, शाळकरी मुलं आणि मुदतवाढ मर्यादेबाहेर होती. एकूण परवान्यांचा आकडा लक्ष्याशेजारी ठेवला, तर तुलनाच चुकते.

निधीची अट, म्हणजे विद्यार्थ्याने राहण्याच्या खर्चासाठी दाखवायचे पैसे (२०२४ मध्ये १०,००० वरून २०,६३५ कॅनडियन डॉलर झाले होते), तपासायला सोपी. पैसे परवान्यानंतरही खात्यात राहिले का, हे मात्र फाइलमध्ये दिसत नाही.