१९४४ च्या वॉर्सा उठावाला विमानांतून मिळालेली मदत निर्णायक ठरली होती का?

नाही; या मदतीने वॉर्सातील जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या पोलिश बंडखोरांचा तग काही दिवस वाढला असेल, पण निकाल बदलण्याइतकी ती कधीच नव्हती. मुख्य कारण अंतराचे होते. ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी आणि पोलिश वैमानिकांना दक्षिण इटलीतील तळांवरून जर्मनव्याप्त प्रदेश ओलांडत एका बाजूने सुमारे १,३०० किलोमीटर जावे लागे आणि सोव्हिएत धावपट्ट्यांवर उतरण्याची परवानगी स्टालिनने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नाकारल्यामुळे तितकेच अंतर त्याच रात्री परतही यावे लागे. शिवाय जळत्या शहरावर अचूकतेसाठी अगदी खालून उडावे, तर विमानविरोधी तोफांचा मारा अटळ. परवानगी मिळाल्यावर १८ सप्टेंबरला इंग्लंडहून शंभरावर अमेरिकी बॉम्बफेकी विमाने आली आणि त्यांनी भरदिवसा, उंचावरून सुमारे १,२८० पेट्या टाकल्या. तोवर बंडखोरांच्या ताब्यातील भाग इतका आक्रसला होता की बहुतेक पेट्या जर्मनांच्याच हाती पडल्या. मात्र हा निष्कर्ष उठावापुरताच समजावा: १९४१ पासून पॅराशूटने उतरवलेल्या ‘चिखोचेम्नी’ या तीनशेहून अधिक प्रशिक्षित हस्तकांनी पोलंडच्या भूमिगत सैन्याला जे बळ दिले, ते हवाई मार्गावाचून शक्य नव्हते.